बायकांच्या बाजूचं बटण

रविवार, ११ फेब्रुवारी १९७३. उपासना संपल्यावर ख्रिस्ती मंडळीच्या देवळात थांबलेले: पाळक साहेब, मोठे पंच, धाकटे पंच, थोमा शिंपी, तुझी रत्ना, सोनाबाई आणि मी. गैरहजर: तू. तुझं नाव लिहायचं खरं तर कारण नव्हतं. पण बोर्डिंगमध्ये मुलींची हजेरी घेऊन घेऊन मला सवय लागली आहे. जी समोर नाही तिचं नाव मी आधी लिहिते.

शमू, तुझ्यावर लिहायला मला साहेबांनी सांगितलं. "मंडळीच्या मासिकात द्यायचंय, दोन चांगले शब्द लिहा बाई," म्हणाले. जन्म, शाळा, कारखान्यातली वायरमनची नोकरी हे सगळं ते स्वतः लिहिणार आहेत. माझ्या वाट्याला तुझी देवळातली सेवा आली, म्हणजे माईक, आवाज वाढवायचं मशीन आणि स्पीकर. चांगले शब्द माझ्याकडे आहेत, पुष्कळ आहेत. पण त्यांच्या आधी एक वायर आडवी आली आहे आणि ती ओलांडून मला पुढं जाता येत नाही. म्हणून आधी वायरचं बोलू. तू आता मध्येच उठून चहाला जाऊ शकत नाहीस.

मंगळवारी तुला माती दिली. त्या उपासनेला मशीनवर मी बसले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. थोमाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, मला बटणं दिसायची न्हाईत. डोळ्यात पाणी येतंय." मग मीच तुझ्या स्टुलावर बसले. खिळ्याला टांगलेला आपला यादीचा पुठ्ठा काढला आणि वरून एकेक ओळ बघत गेले. पहिला माईक, ठीक. दुसरा माईक, ठीक. पुरुषांची बाजू, ठीक. बायकांची बाजू. इथं माझं बोट थांबलं. इतक्या वर्षांत ही ओळ मी कधी मशीनपाशी उभी राहून तपासलीच नव्हती. मी बायकांच्या बाकांमध्ये उभी असायचे आणि तू मशीनवरून "बायकांची बाजू चालू" असं ओरडायचास. त्या दिवशी ओरडायला कोणी नव्हतं. मी बटण अर्ध्यावर ठेवलं आणि पुढं गेले.

साहेबांचा आवाज मुळात बारीक, त्यात त्या दिवशी बसलेला. ते तुझ्याबद्दल बोलायला लागले तसे पुरुषांच्या बाजूला रुमाल निघाले. बायकांच्या बाजूला बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. सोनाबाई तुला माहीतच आहे, तिला कुजबुज जमत नाही. ती बायकांच्या स्पीकरकडं बोट दाखवून तिथूनच म्हणाली, "सगुणा, खोकं बोलंना गं."

मी बटण वाढवलं. काही नाही. पाऊण फिरवलं, पूर्ण फिरवलं. काहीच नाही.

रत्नाला वारा लागावा म्हणून आम्ही दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसवलं होतं. कबरस्तानाच्या वाटेवर तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "वन्सं, साहेब काय म्हणले वो ह्यांच्याबद्दल? मला काही उमगलंच न्हाई."

मी सांगितलं. साहेब म्हणाले की या देवळात शेवटच्या बाकावरच्या माणसालाही देवाचं वचन ऐकू यावं, यासाठी शमुवेल झटला.

रत्नानं नुसती मान हलवली आणि खाली बघून चालत राहिली. मला वाटलं, दुःखानं.

बुधवारी दुपारी थोमाला घेऊन मी देवळात गेले. मला वाटत होतं, उंदरानं वायर कुरतडली असेल. तू बायकांच्या खोक्यासाठी फळीवर जे वेगळं बटण बसवलं होतंस, तिथपासून मी वायर हाताळत निघाले. तूच शिकवलंस, बिघाड शोधायचा तर डोळ्यांनी नाही, हातानं, आणि उगमापासून. वायर फळीखालून निघते, जमिनीच्या कडेनं जाते आणि रजिस्टरांच्या कपाटामागं शिरते. ते कपाट तू मला कधी हलवू दिलं नाहीस. "मागं पाल आहे," म्हणायचास. मी पालीला भीत नाही, पण तू भितोस असं समजून मी गप्प बसायचे.

थोमानं आणि मी मिळून कपाट सरकवलं. पाल नव्हती. वायर मध्येच संपत होती. वीतभर अंतरावर तिचं दुसरं टोक होतं आणि तिथून ती पुन्हा भिंतीवर चढून खोक्याकडं जात होती.

"बाई, ही तोडलीय," थोमा म्हणाला.

"तुटली असेल."

"तुटली तर दोन्ही टोकांना पट्टी कोण बांधून ठेवंल?"

काळी चिकटपट्टी, दोन्ही टोकांना वेगवेगळी, घट्ट आणि सारखी गुंडाळलेली. तिच्यावर कित्येक वर्षांची धूळ. पट्टीचं शेवटचं टोक दोन्हीकडं दुमडलेलं. हे काम कोणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. थोमालाही कळलं. तो शिंपी आहे, कोणाची शिलाई कोणती ते तो कापडावरून सांगतो. त्यानं टोपी काढून हातात धरली, जणू तुला दुसऱ्यांदा पुरत होतो.

म्हणजे शमू, मी बोट वर करायचे, तू बटण वाढवायचास. मी हात खाली दाबायचे, तू बटण कमी करायचास. मी अंगठा दाखवायचे, तू मान डोलवायचास. आणि त्या बटणाच्या पलीकडं काहीच नव्हतं. कपाटामागची एक दुमडलेली पट्टी होती.

मला फरक ऐकू यायचा, हे मी शपथेवर सांगते. तू बटण फिरवलंस की आवाज स्वच्छ व्हायचा. बुधवारपासून मी याचाच विचार करते आहे. कदाचित तू दुसऱ्या हातानं सगळ्या देवळाच्या आवाजाचं मोठं बटण थोडंसं फिरवत असशील, मला बरं वाटावं म्हणून. तसं असेल तर ते जास्त वाईट आहे. आणि नसेल, मी नुसतीच तुझा हात बघून ऐकत असेन, तर त्याहून वाईट. या दोन्हींपैकी खरं काय ते सांगणारा एकच माणूस होता.

आता हे खोकं आलं कसं, ते मासिक वाचणाऱ्या नव्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून सांगते. आपल्या देवळात पुरुष उजवीकडं बसतात, बायका डावीकडं. स्पीकर पहिल्यापासून एकच, तोही उजवीकडं. व्यासपीठावरून जे बोलणं होई ते बायकांपर्यंत पोचायचं तेवढं पोचे. मग बायकांनी मूठ काढायची ठरवली. रोज भाकरी करायला बसताना एक मूठ बाजरी वेगळ्या मडक्यात. कापणीच्या सणाला ती बाजरी देवळाच्या अंगणात लिलावाला ठेवली आणि त्यातून लाकडी स्पीकर आला. बायकांनीच त्याला खोकं नाव दिलं. सोनाबाईनं पहिल्या दिवशी त्याला हळदी-कुंकवासारखं काही लावू का विचारलं आणि साहेब घाईघाईनं नको म्हणाले.

खोकं कुठं टांगायचं यावर तू एकदाच तोंड उघडलंस. तू म्हणालास, डावीकडच्या खांबावर टांगा, व्यासपीठाच्या पुढं, तोंड बायकांकडं. पण त्या खांबाखाली पंचांचा बाक. मोठे पंच म्हणाले, आमच्या कानावर ओरडेल. म्हणून खोकं गेलं व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर. माईकचं तोंड साहेबांकडं, आणि साहेबांच्या पाठीमागं खोकं. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. तुला कळत होतं.

शिटी म्हणजे काय, हे तू नंतर मला शिकवलंस. माईक खोक्याचा आवाज ऐकतो, तो मशीनला देतो, मशीन परत खोक्याला, खोकं परत माईकला. "दोन जावा एकमेकींचं एकमेकींना सांगत बसल्या की घरात जे होतं ना, सगुणे, ती शिटी." मी म्हणाले, जावा कशाला, दोन पंच म्हण. तू इतका हसलास की हातातली पक्कड पडली.

पहिल्याच नाताळाला, शहरातून आलेले पाहुणे डोळे मिटून प्रार्थना करत असताना, ती शिटी वाजली. पोरं कानात बोटं घालून हसली. पाहुण्यांनी प्रार्थना अर्ध्यात सोडून आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर मोठे पंच सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकांनी आणलेलं खोकंसुद्धा बायकांसारखंच. मध्येच बोलतं." पुरुष हसले. मी तिथंच होते. तू पण होतास, आणि तू म्हणालास, "मी बघतो."

पुढच्या रविवारी शिटी नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. मी बोर्डिंगच्या मुलींना सांगितलं, बघा, शमूमामानं एका आठवड्यात दुरुस्त केलं. साहेबांनी व्यासपीठावरून तुझे आभार मानले. तू मान खाली घातलीस. मी त्याला नम्रपणा समजले. मंगळवारी रत्नानं मान खाली घातली तेही मला असंच चुकीचं कळलं. तुमच्या घरातल्या खाली घातलेल्या माना मला आता पुन्हा मोजून बघायला हव्यात.

पण मी तुझं चांगलंही लिहिणार आहे, कारण ते खरं आहे आणि ते मध्ये राहून गेलं तर ही यादी खोटी होईल.

तू माझा मावसभाऊ, माझ्याहून मोठा, पण चौथीत नापास होऊन माझ्या शेजारी येऊन बसलास, म्हणून मी तुला कधी दादा म्हटलं नाही. तू मला गणितात विचारायचास आणि मी तुला झाडावर चढायला. माझे मालक वारले आणि मी बोर्डिंगात मेट्रन म्हणून आले, त्या पहिल्या वर्षी मी कोणाशी बोलत नव्हते. सामान मोजायचे, लिहायचे, कुलूप लावायचे. तू एका रविवारी म्हणालास, "सगुणे, मला मशीनवर माणूस पाहिजे. यादी ठेवणारा. मला यादी जमत नाही." पंच म्हणाले, बाईमाणसानं मशीनला हात लावायचा नाही. तू माईकची वायर काढून त्यांच्या पुढ्यात धरलीस आणि म्हणालास, "मग तुम्ही लावा." कोणी लावली नाही. तुझ्यामुळं मी पुन्हा माणसांत आले, आणि पंचांना असं तोंड देणारा माणूस माझ्या बाजूला आहे, असं मी धरून चालले. तो हिशेब मी त्याच दिवशी केला आणि पुन्हा कधी तपासला नाही.

शनिवारी दुपारी आपण मदतीला येणाऱ्यांची शाळा घ्यायचो. थोमा, शाळेतल्या एक-दोन बाई, येईल तो. तू बोलायचास, मी पुठ्ठ्यावर शब्द लिहायचे. शिटी. घूं, म्हणजे कोणी बोलत नसतानाही खोक्यातून भुंग्यासारखं येतं ते. घूं आली की जमिनीची वायर बघायची. फाटणं, म्हणजे माईक ओठाला लावून ओरडलं की शब्द चिंध्या होऊन बाहेर येतात ते. थोमाला तू म्हणायचास, "माईक म्हणजे भाकरी न्हाई, तोंडात घालू नको. एक वीत." थोमा म्हणायचा, "कुनाची वीत? माझी का साहेबांची?" आणि धडा तिथंच थांबायचा.

मला सर्वांत आवडलेले शब्द घेणं आणि देणं. माईकचं बटण म्हणजे आपण किती घेतो. मोठं बटण म्हणजे किती देतो. घेणं कमी आणि देणं जास्त असेल तर नुसती खरखर येते. घेणं जास्त असेल तर आवाज फाटतो. "आधी नीट घ्या, मग द्या," असं तू सांगायचास. सगळ्यांच्या पुढं, सरळ चेहऱ्यानं.

आणि चिकटपट्टी. ती तू हातात घेऊन दाखवायचास. जोड कायमचा असेल तर पट्टीचं टोक अंगठ्यानं सपाट दाबायचं. जे पुन्हा उघडायचं आहे, त्याचं टोक जरा दुमडून ठेवायचं, म्हणजे नखात सापडतं आणि एका ओढीत सुटतं. थोमा म्हणाला होता, आमी पण कच्ची शिलाई अशीच सोडतो.

आपलं भांडण पहिल्या शब्दावरून होतं. नव्या माणसाला पहिला शब्द कोणता शिकवायचा. तू म्हणायचास शिटी, कारण शिटी वाजली की माणूस घाबरून सगळी बटणं फिरवतो. मी म्हणायचे वायर, कारण वायर उगमापासून टोकापर्यंत हातानं तपासली की बाकीचं आपोआप कळतं. तू दर वेळी चिडायचास. एवढ्या साध्या गोष्टीवर का चिडतोस, असं मी विचारलं तर म्हणायचास, "तुला सगळं तपासायचंच असतं." आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारीही तेच झालं. जाताना सायकलवर टांग टाकून म्हणालास, "रविवारी बोलू." रविवारी पहाटे तू गेलास. आता त्या भांडणात मी जिंकले आहे, आणि मला ते नको आहे.

सोनाबाईचं लिहायलाच हवं. ती पहिल्यापासून म्हणत होती, "खोकं मुकं हाय." दर दोन-चार रविवारी म्हणायची. बायका हसायच्या. मी तिला म्हणायचे, सोनाबाई, पदर कानावरून मागं घे, ऐकू येईल. एकदा तर मी तिला खोक्याजवळच्या बाकावर नेऊन बसवलं आणि तुला खूण केली, वाढव. तू वाढवलंस. ती म्हणाली, "न्हाई गं बाई, भित्ताडच हाय ते." मी म्हणाले, वय झालं. तू सगळं ऐकत होतास. मशीनपासून तो बाक काही लांब नाही. त्यानंतर ती कानात तेल घालायला लागली. तिच्या सुनेनं मला सांगितलं आणि मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "तेल चांगलंच असतं."

शमू, बाकी सगळं मी कदाचित समजून घेईन. हे वाक्य नाही.

आणि मागच्या पावसाळ्यानंतरचं. पाऊस झालाच नव्हता, बायका खडीच्या कामावर जात होत्या, रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळत होती जिची भाकरी थापताना फुटते. तरी त्यांनी मडकं पुन्हा मांडलं. खोकं नीट ऐकू येत नाही म्हणतात, तर दुरुस्तीसाठी मूठ काढू, म्हणाल्या. मिलोची मूठ. मी तुला विचारायला आले. तू बराच वेळ माईकची जाळी पुसत बसलास आणि म्हणालास, "त्यांना सांग, खोक्याला काही झालेलं नाही. मूठ घरात ठेवा." मी बायकांना सांगितलं तेव्हा माझा ऊर भरून आला होता. म्हटलं, बघा, शमूला तुमची काळजी आहे. तू खोटं बोलला नव्हतास. खोक्याला खरंच काही झालेलं नव्हतं.

शुक्रवारी मी रत्नाकडं गेले. चहा झाला. मी वायरचं बोलले. ती रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही.

"मला ठावं हुतं, वन्सं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. घरी येऊन सांगितलं हुतं त्यांनी. म्हणले, खोकं खांबावर टांगलं तर शिटी वाजायची न्हाई. पण पंचांचा बाक हलवायला लागंल. तवा त्यांची नोकरी कायम व्हायची हुती, अन् मोठे पंच कारखान्यात हेडक्लार्क. म्हणले, कोण भांडंल."

"आणि कायम झाल्यावर?"

रत्नानं कपबश्या उचलल्या. "मग लाज वाटाय लागली. एक वरीस झालं, दोन झाली. तुमी अंगठा दाखवायच्या, ते घरी येऊन जेवायचे न्हाईत. मी म्हणायचे, सांगून टाका. ते म्हणायचे, सगुणाला सांगितलं तर ती उद्या जाऊन पंचांशी भांडंल."

"मग भांडले असते. काय बिघडलं असतं?"

"तेच तर," ती म्हणाली. "तुमी जिंकल्या असत्या."

मी घरी येताना या वाक्याचा विचार करत आले. तू मला ओळखत होतास. मी भांडले असते, बाक हलला असता, आणि मग सगळ्यांना कळलं असतं की शमुवेल वायरमनला उत्तर माहीत होतं आणि तो गप्प बसला. तुला फक्त मला सांगायचं होतं. कपाटाकडं नुसतं बोट दाखवलं असतंस तरी चाललं असतं. भांडण माझ्या नावावर गेलं असतं, तुझी नोकरी राहिली असती, आणि मी तुला दोन दिवस शिव्या घालून तिसऱ्या दिवशी तुझ्याकडं चहाला आले असते. एवढं तरी माझ्याबद्दल तुला ठाऊक असायला हवं होतं. चौथीपासून शेजारी बसलेल्या माणसाला.

तर आजचं. उपासना संपल्यावर मी वर लिहिलेल्या सगळ्यांना थांबवलं आणि कपाटामागं नेऊन वायर दाखवली. काय झालं ते सांगितलं. रत्नाची परवानगी आधी घेतली होती. ती म्हणाली, "सांगा. त्यांचं ओझं उतरंल."

साहेब वायरकडं बघत म्हणाले, "शिटी थांबवा, असं मी त्याला म्हटलं होतं. कशी थांबवली ते विचारलं नाही." मी त्यांना, मग मंगळवारचं तुमचं ते शेवटच्या बाकाचं वाक्य, असं म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणाले.

मी सरळ मुद्द्यावर आले. खोकं खांबावर जायला हवं, त्यासाठी बाक उजवीकडं हलवायला हवा. थोमा आणि मी आज दुपारीच हलवू शकतो.

मोठे पंच म्हणाले, "बाकाचा विषय असा घाईत नको. पुढच्या बैठकीत घेऊ."

सोनाबाई तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं होतं, ती माझ्याकडं बघणार नाही. ती माझ्याकडं बघतच नव्हती, पंचांकडं बघत होती. "पंच," ती म्हणाली, "तुमचा बाक हलवायला बैठक लागती. मग आमचं खोकं बंद केलं तवा बैठक कुठं झालती?"

धाकटे पंच खोकल्यासारखं करून हसले. मोठे पंच म्हणाले, ते शमुवेलनं केलं, आम्ही नाही. आणि शमू, इतकं सगळं झाल्यावरही त्या क्षणी मला तुझ्या बाजूनं उभं राहावंसं वाटलं. मी म्हणाले, त्यानं वायर तोडली, हे खरं. पण खोक्याची जागा त्यानं ठरवली नव्हती.

मग मी सांगितलं की बैठक होईल तेव्हा होईल, वायर मी आज जोडते. खोकं आहे तिथंच राहिलं तर पुढच्या रविवारी शिटी वाजेल. साहेबांच्या प्रार्थनेत वाजेल, पंचांच्या सूचनांमध्ये वाजेल. वाजू दे. बाक हलेपर्यंत वाजेल.

"लई ग्वाड," सोनाबाई म्हणाली. "माझ्या कानात तेल हायच."

सगळे गेले. रत्नाला थोमानं सायकलवर पोचवलं. जाताना तो आपली पक्कड ठेवून गेला, कारण तुझी पक्कड रत्नानं तुझ्याबरोबर शवपेटीत घातली. मी तुझ्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. कपाट सरकवलेलं आहे. बाक अजून खांबाखालीच आहे. पुढच्या रविवारी बायकांच्या बाजूला उभं राहून हात कोण वर करणार, ते ठरलं आहे. सोनाबाई करणार. तिला विचारलं तर म्हणाली, "मी खोटा अंगठा दावणार न्हाई बरं का."

मासिकासाठी साहेबांना दोन चांगले शब्द हवे आहेत. घेणं आणि देणं, हे लिहून देईन. तुझेच आहेत.

एक काम बाकी आहे. दोन्ही टोकं माझ्या मांडीवर आहेत. धूळ पुसली. पट्टीची टोकं तू दुमडून ठेवली आहेस, दोन्ही, नखात सापडतील अशी. इतक्या वर्षांत तू ती दाबून सपाट केली नाहीस. पक्कड हातात घेऊन मी मघापासून बसले आहे. एका ओढीत सुटेल. ते ओढायचं राहिलं आहे.